नदीचे मूळ : वॉल्टर लिपमन आणि वार्तेची कसोटी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असा आपल्याकडे एक जुना संकेत आहे. वृत्तपत्रांच्या बाबतीत आपण हा संकेत नकळत पाळीत आलो आहोत. विश्वसनीय गोटातून समजते, जाणकार वर्तुळात बोलले जाते, अधिकृत सूत्रांनी दुजोरा दिला आहे, अशा शब्दांनी आरंभ झालेली वार्ता आपण सकाळच्या चहाबरोबर स्वीकारतो. तो गोट कोणाचा, ते वर्तुळ किती माणसांचे आणि त्या सूत्राचे दुसरे टोक कोणाच्या हाती, ही विचारपूस सहसा करीत नाही. विसाव्या शतकात ज्या थोड्या लोकांनी ही विचारपूस शिस्तीने केली त्यांत वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराचे स्थान फार वरचे आहे. आपल्या विद्यापीठांतून त्याचे नाव घेतले जाते ते ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथामुळे. राजकारणाच्या अभ्यासकांना शीतयुद्ध हा शब्द रूढ करणारा लेखक म्हणून तो परिचित आहे. परंतु १९२० साली एका सहकाऱ्याबरोबर त्याने केलेले ४२ पानांचे एक काम आपल्याकडे क्वचितच वाचले जाते. प्रस्तुत लेखात लिपमनचे चरित्र त्या ४२ पानांच्या अनुरोधाने सांगावयाचे आहे. कारण दुसऱ्याच्या वार्तेला त्याने जी कसोटी लावली तीस त्याचे स्वतःचे लेखन कितपत उतरले, हा प्रश्न त्याच्या चरित्राचा गाभा आहे, असे मला वाटते.

लिपमनचा जन्म २३ सप्टेंबर १८८९ रोजी न्यू यॉर्क शहरात एका सुखवस्तू जर्मन-ज्यू कुटुंबात झाला. एकुलता एक मुलगा, उत्तम शाळा, आईवडिलांबरोबर युरोपचे प्रवास, असे त्याचे बालपण निर्वेध गेले. १९०६ साली तो हार्व्हर्ड विद्यापीठात दाखल झाला. तेथे विद्यार्थ्यांच्या एका नियतकालिकातील त्याचा लेख वाचून विल्यम जेम्स हा वयोवृद्ध तत्त्वज्ञ आपण होऊन त्याच्या खोलीवर भेटीस गेला. सांतायाना याच्या हाताखाली त्याने सहायक म्हणून काम केले, समाजवादी विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापन केले, आणि अखेरच्या वर्षी इंग्लंडहून आलेल्या ग्रॅहम वॉलसच्या व्याख्यानांतून त्याला राजकारण बुद्धीपेक्षा वासना, सवयी आणि प्रतिमा यांच्या बळावर अधिक चालते ही दृष्टी लाभली. १९१० सालच्या त्याच्या वर्गबंधूंत टी. एस. एलियट होता आणि जॉन रीडही होता. रीड पुढे रशियन क्रांतीच्या ऐन धामधुमीत पेट्रोग्राडमध्ये जाऊन राहिला आणि डोळ्यांनी पाहिलेल्या त्या दिवसांवर त्याने जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. लिपमन रशियात गेला नाही. त्याच क्रांतीविषयी आपल्या देशबांधवांना काय सांगितले गेले, हे त्याने न्यू यॉर्कमध्ये बसून जुन्या अंकांच्या चळतीतून मोजले. दोघांच्या स्वभावांतील अंतर एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

विद्यापीठ सोडल्यावर लिंकन स्टेफन्स या शोधक पत्रकाराचा मदतनीस म्हणून त्याने उमेदवारी केली. वॉल स्ट्रीटवरील धनसत्तेची गुंतागुंत उकलण्याचे ते काम होते. १९१२ साली स्केनेक्टडी या शहराच्या समाजवादी महापौराचा चिटणीस म्हणून तो गेला आणि चार महिन्यांत कंटाळून परतला. १९१३ व १९१४ या लागोपाठच्या वर्षांत दोन पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये हर्बर्ट क्रोली याने ‘न्यू रिपब्लिक’ हे साप्ताहिक सुरू केले तेव्हा त्याच्या संपादकमंडळात लिपमन होता. वय अवघे पंचवीस.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि लिपमन लेखणी घेऊन सरकारात शिरला. प्रथम युद्धमंत्री न्यूटन बेकर याचा सहायक म्हणून, मग तहाची पूर्वतयारी करणाऱ्या एका गुप्त अभ्यासमंडळाचा चिटणीस म्हणून त्याने काम केले. राष्ट्राध्यक्ष विल्सनने जानेवारी १९१८ मध्ये जी चौदा कलमे जाहीर केली त्यांतील प्रादेशिक कलमांचा आधार याच मंडळाच्या टिपणात होता. त्याच वर्षी कप्तानाचा हुद्दा घेऊन लिपमन फ्रान्समध्ये गेला आणि जर्मन सैनिकांवर टाकावयाची पत्रके लिहू लागला. या अनुभवाचे महत्त्व चरित्रकार बहुधा कमी लेखतात. शत्रूच्या मनात कोणते चित्र उमटावे हे ठरवून त्याप्रमाणे शब्द निवडण्याचे काम ज्याने स्वहस्ते केले, त्याला घरी परतल्यावर आपल्याच देशातील वर्तमानपत्र पूर्वीच्या निरागसपणे वाचता येणे शक्य नव्हते. व्हर्सायच्या तहाने त्याचा भ्रमनिरास केला, आणि १९१९ पासून त्याचे लक्ष एका प्रश्नावर खिळले : लोकशाहीतील नागरिक ज्या माहितीवर मत बनवितो ती माहिती त्याच्यापर्यंत येते कोठून? १९२० साली निघालेल्या ‘लिबर्टी अँड द न्यूज’ या छोट्या पुस्तकात त्याने हा प्रश्न तत्त्वतः मांडला. मतस्वातंत्र्याचे सगळे वाद व्यर्थ आहेत, जर मत ज्यावर उभे राहावयाचे ती वार्ताच नासलेली असेल, असा त्याचा आशय होता.

परंतु लिपमन तत्त्वावर थांबला नाही. चार्ल्स मर्झ या मित्राला बरोबर घेऊन त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्राचे मार्च १९१७ ते मार्च १९२० या तीन वर्षांचे अंक काढले. अंक हजारांहून अधिक आणि रशियाविषयीच्या वार्ता तीन हजारांहून अधिक. या सर्वांची छाननी करून दोघांनी ‘अ टेस्ट ऑफ द न्यूज’ हा निबंध लिहिला, आणि ‘न्यू रिपब्लिक’ने तो ४ ऑगस्ट १९२० रोजी पुरवणी म्हणून प्रसिद्ध केला. टाइम्सची निवड त्यांनी वैराने केली नव्हती. ते देशातील अत्यंत प्रतिष्ठित आणि साधनसंपन्न पत्र होते. तेथे जे बिघडले ते इतरत्र अधिक बिघडले असणार, हा सरळ तर्क होता.

या निबंधातील खरी बुद्धिमत्ता त्याच्या मापात आहे. रशियाविषयीचे सत्य कोणते, असा प्रश्न घेऊन ते बसते तर जन्मभर वाद घालीत राहिले असते; बोल्शेविक चांगले की वाईट या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे दिले असते. म्हणून त्यांनी ज्यांविषयी कोणत्याही पक्षाचे दुमत नव्हते अशा मोजक्या घटना माप म्हणून घेतल्या. १९१७ च्या उन्हाळ्यातील रशियन चढाई फसली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हंगामी सरकार उलथले. मार्च १९१८ मध्ये बोल्शेविकांनी जर्मनीशी स्वतंत्र तह केला. कोल्चाक, डेनिकिन आणि युडेनिच या श्वेत सेनानींच्या मोहिमा फसल्या. आणि मार्च १९२० मध्ये सोव्हिएत सत्ता जागेवर होती. एवढेच. आता या घटना घडण्यापूर्वीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत टाइम्सचा वाचक काय वाचीत होता, हे पाहावयाचे. ज्याने ते पत्र इमानाने रोज वाचले त्याला या घटनांची चाहूल लागली असती काय?

उत्तर लाजिरवाणे निघाले. रशियन सेना खिळखिळी झाली असताना ती नव्या दमाने लढणार असे वाचकाला सांगितले जात होते. बोल्शेविकांचा पक्ष सत्तेच्या उंबऱ्याशी आला तरी तो मूठभर उपद्रवी लोकांचा घोळका म्हणून रंगविला जात होता. पुढे कोल्चाक मॉस्कोच्या रोखाने निघाला की मथळे फुलत, आणि माघार सुरू झाली की ती विश्रांती किंवा डावपेच ठरे. या निबंधातील सर्वांत गाजलेला आकडा ९१ हा आहे. नोव्हेंबर १९१७ ते नोव्हेंबर १९१९ या दोन वर्षांत सोव्हिएत सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे असे टाइम्सने ९१ वेळा छापले. याच काळात लेनिन आणि ट्रॉट्स्की तीनदा पळून गेले होते. लेनिन तीनदा तुरुंगात पडला होता आणि एकदा मारलाही गेला होता. मापात विनोद नाही, लेखकांच्या स्वरात तर मुळीच नाही; ते नुसते मोजीत जातात, आणि मोजता मोजता एका थोर पत्राचा अब्रूदार वेष गळून पडतो.

मोजणीनंतरची पायरी अधिक मोलाची होती. या वार्ता आल्या कोठून, हे त्यांनी पाहिले. मॉस्को-पेट्रोग्राडच्या वार्ता स्टॉकहोम, कोपनहेगन, लंडन, पॅरिस येथून येत होत्या. त्यांच्यामागे मित्रराष्ट्रांची परराष्ट्र खाती होती, वकिलातींच्या भोवतालचे लोक होते, देशोधडीला लागलेले जुने सरदार आणि श्वेत सेनांचे हितचिंतक होते. यांपैकी बहुतेकांची नावे छापली जात नव्हती. सरकारी प्रवक्त्याने सांगितले म्हणून गोष्ट घडली असे ठरत नाही, फक्त सरकारला ती घडलेली दिसावी असे वाटते एवढेच ठरते. आणि निनावी अधिकाऱ्याच्या बाबतीत तर तेवढेही निश्चित होत नाही. हा भेद संपादकांनी पाळला नव्हता. प्रत्यक्ष स्थळी असलेल्या बातमीदाराचीही लेखकांनी गय केली नाही. पेट्रोग्राडहून लिहिणारा हॅरल्ड विल्यम्स हा अनेक भाषा जाणणारा विद्वान गृहस्थ होता. पण त्याची पत्नी बोल्शेविकविरोधी कॅडेट पक्षाच्या अग्रगण्य पुढाऱ्यांपैकी होती, आणि त्याचे सारे मन त्या बाजूला होते. घटनास्थळी हजर असणे आणि विश्वसनीय असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यावरून दिसते.

मात्र टाइम्सच्या माणसांनी कट केला, पैसे घेतले किंवा हेतुपुरस्सर खोटे लिहिले, असा निष्कर्ष लेखकांनी काढला नाही. त्यांच्या मते खरा नियंत्रक आणि खरा प्रचारक कोणी बाहेरचा नव्हता. तो बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनातील आशा व भीती हाच होता. रशियाने लढत राहावे ही आशा, आणि क्रांती पश्चिमेकडे पसरेल ही भीती. ज्या उगमातून मनाजोगे पाणी येते त्या उगमाची शुद्धता कोणी तपासत नाही.

त्या काळात केवळ वार्ताच नव्हेत, कागदपत्रेही अशीच स्वीकारली गेली होती. लेनिन व ट्रॉट्स्की हे जर्मनीचे पगारी हस्तक आहेत असे सिद्ध करणारी म्हणून जी पत्रे एडगर सिसन याने रशियातून मिळविली, ती १९१८ च्या शरदात अमेरिकन सरकारच्या प्रचारसमितीने प्रसिद्ध केली आणि देशभरच्या पत्रांनी छापली. ती बनावट होती, हे जॉर्ज केनन याने १९५६ साली सांगोपांग दाखवून दिले. मराठी वाचकाला येथे १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. कारभारी बर्वे यांच्या नावावर खपविलेली पत्रे खरी मानल्यामुळे टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तेही आशेचे आणि भीतीचेच प्रकरण होते : छत्रपतींविषयीची कळकळ इतकी दाट की पत्रांची पारख मागे राहिली. फरक इतकाच की आपल्या तरुण संपादकांनी चुकीचे मोल स्वतः मोजले. सिसनची पत्रे छापणाऱ्यांपैकी कोणाला तसे मोजावे लागले नाही.

लिपमन-मर्झ यांचा निबंध निर्दोष आहे असे नाही. त्यांनी एकच पत्र तपासले. छापलेला मजकूर वाचला, पण तो मजकूर निवडणाऱ्यांना प्रश्न विचारले नाहीत. किती तारा युद्धकालीन नियंत्रकाने अडविल्या, किती कचऱ्याच्या टोपलीत गेल्या, हे छापील अंकावरून कळत नाही. शिवाय ज्या साप्ताहिकात निबंध आला ते साप्ताहिक स्वतः रशियातील सैनिकी हस्तक्षेपाच्या विरुद्ध होते. म्हणजे परीक्षकही पूर्णतः तटस्थ नव्हते. आणि माप जितके निर्विवाद तितके ते अरुंदही असते. सत्ता टिकली की पडली याविषयीच्या वार्ता त्या मापाने मोजता आल्या; त्या सत्तेखाली माणसे कशी जगत आणि मरत होती याविषयीच्या वार्ता मापाबाहेर राहिल्या. हा संकोच पुढे महाग पडला. १९२१ साली टाइम्सने वॉल्टर ड्युरांटी याला मॉस्कोत नेमले. १९३२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९३३ साली युक्रेनमध्ये लक्षावधी लोक भुकेने मरत असताना दुष्काळ असल्याचेच त्याने नाकारले. एका गोटातून निघालेले पत्र दुसऱ्या गोटात शिरले होते. याचा दोष लिपमनच्या माथी मारणे अन्याय होईल. पण सत्ता पडते की टिकते एवढेच विचारणाऱ्या कसोटीने ड्युरांटी पकडला गेला नसता, हे मान्य केले पाहिजे.

तरीही निबंधाची एक बाजू अशी आहे की जिच्यापुढे हे सर्व आक्षेप फिके पडतात. त्याचा आधार वाचकाला उपलब्ध होता. कोणत्या तारखेच्या अंकात काय छापले, हे लेखकांनी सांगितले आहे, आणि तो अंक ग्रंथालयात जाऊन कोणालाही उघडता येत होता. ज्यांच्यावर टीका करावयाची त्यांच्यापाशी नसलेला गुण टीकाकारांनी स्वतः पाळला होता.

१९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ प्रसिद्ध झाले. त्याची चर्चा इतकी झाली आहे की येथे दोन वाक्ये पुरेत. माणूस प्रत्यक्ष जगाला नव्हे तर मनातील जगाच्या चित्राला प्रतिसाद देतो, ही चित्रे ठरीव साच्यांतून बनतात, आणि वार्ता व सत्य या वस्तू मुळातच भिन्न आहेत, असे त्याने मांडले. १९२५ च्या ‘द फँटम पब्लिक’मध्ये तर त्याने सामान्य नागरिकाकडून अपेक्षाच सोडून दिली, जॉन ड्यूईने १९२७ साली त्याला जे उत्तर दिले तो विसाव्या शतकातील एक मोठा वाद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. जनतेला जग कळत नाही, ते जाणत्यांनी तिला समजावून द्यावे, या निष्कर्षाबरोबर लिपमनने आपली जागा नकळत बदलली. १९२० साली तो वाचकाच्या बाजूने वार्ता तपासणारा होता. आता तो जाणत्यांच्या बाजूने वाचकाला समजावणारा झाला.

१९२२ पासून तो ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये अग्रलेख लिहीत होता, लवकरच त्या पृष्ठाचा तो प्रमुख झाला. १९३१ च्या फेब्रुवारीत ते पत्र बंद पडले आणि सप्टेंबरपासून ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये त्याचा ‘टुडे अँड टुमॉरो’ हा स्तंभ सुरू झाला. हा स्तंभ देशोदेशींच्या शेकडो पत्रांतून येऊ लागला, आणि परराष्ट्रमंत्री, सेनापती, राजदूत, बँकांचे अध्यक्ष यांची दारे लिपमनला उघडी झाली. सकाळी तो लिही, दुपारचे भोजन एखाद्या मंत्र्याबरोबर होई. ज्या वर्तुळांना त्याने १९२० मध्ये दुरून न्याहाळले होते त्यांच्या मध्यभागी त्याचे पान मांडले जाऊ लागले.

याचा परिणाम एकसारखा झाला नाही. काही वेळा त्याचा अंदाज चुकला तो कोणाच्या सांगण्यामुळे नव्हे, तर आपल्याच आशेमुळे. मे १९३३ मध्ये हिटलरने शांततेची भाषा करणारे एक भाषण केले. लिपमनने ते जसेच्या तसे घेतले आणि त्यातून खरी सुसंस्कृत जर्मनी बोलत असल्याचा निर्वाळा दिला. त्या वेळी ज्यू लोकांवरील बहिष्कार आणि ग्रंथांच्या होळ्या होऊन गेल्या होत्या. फेलिक्स फ्रँकफर्टर या जुन्या मित्राने त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्याशी संबंध तोडला. स्वतः ज्यू असलेल्या लेखकाने असे का लिहावे, यावर मानसशास्त्रीय तर्क पुष्कळ झाले आहेत. मला त्यांत रस नाही. मला एवढेच दिसते की सत्ताधाऱ्याच्या शब्दाला घटनेची किंमत देऊ नये हा १९२० चा नियम १९३३ मध्ये मोडला गेला.

१९४२ सालचा लेख मात्र अधिक गंभीर आहे, आणि त्यावर थांबणे भाग आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी लिपमन कॅलिफोर्नियात गेला. तेथे त्याने पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाचा प्रमुख जनरल जॉन डेविट आणि राज्याचा महाधिवक्ता अर्ल वॉरन यांच्याकडून माहिती घेतली, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोहून किनाऱ्यावरील पंचमस्तंभाविषयी स्तंभ लिहिला. समुद्रातील शत्रू आणि किनाऱ्यावरील त्याचे हस्तक यांच्यात संदेशांची देवघेव चालते, असे त्यात वस्तुस्थिती म्हणून सांगितले होते. आजवर घातपाताचा एकही मोठा प्रकार घडला नाही, हे त्याने धीर देणारे चिन्ह मानले नाही. योग्य क्षणाची वाट पाहत प्रहार राखून ठेवला आहे, असा त्याचा अर्थ त्याने लावला. हा युक्तिवाद वॉरनचा होता. पुरावा सापडला तर अपराध सिद्ध, आणि न सापडला तर तो अधिकच सिद्ध, अशी ही रचना आहे. लिपमनसारख्या तर्कनिष्ठ माणसाच्या लेखणीतून ती उतरली यावर विश्वास बसणे कठीण जाते. सारा किनारा युद्धक्षेत्र मानावा आणि तेथे राहण्याचा कोणालाही जन्मसिद्ध अधिकार नाही असे समजावे, हा त्याचा निष्कर्ष होता.

स्तंभाचा परिणाम तात्काळ झाला. महान्यायवादी फ्रान्सिस बिडल हा सरसकट हकालपट्टीच्या विरुद्ध होता. अशा स्तंभलेखकांच्या उतावळ्या सल्ल्याविषयी त्याने १७ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला लेखी सावधगिरीची सूचना दिली. दोनच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, रूझवेल्टने ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्याअन्वये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे, शेते, दुकाने सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हा आदेश लिपमनमुळे निघाला असे म्हणणे अतिशयोक्त होईल. सैन्याचा आणि किनाऱ्यावरील राजकारण्यांचा दबाव त्याआधीपासून होता. पण पूर्वेकडील सुविद्य, उदारमतवादी वाचकाला जी गोष्ट एरवी गावगुंडी वाटली असती ती लिपमनच्या सहीने विवेकाची ठरली.

ती माहिती खोटी होती. किनाऱ्यावरून बिनतारी संदेश जातात, या डेविटच्या म्हणण्याची छाननी सरकारच्या दळणवळण आयोगाने युद्धकाळातच केली होती आणि त्यात तथ्य आढळले नव्हते. नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यातील केनेथ रिंगल या जपानी भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्याने जानेवारी १९४२ मध्येच अहवाल दिला होता की हा प्रश्न फुगविलेला आहे आणि संशयितांची चौकशी व्यक्तिशः करावी. तो अहवाल लिपमनसमोर असणे शक्य नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बिडलचा विरोध गुप्त नव्हता, आणि ज्या हजारो लोकांविषयी तो लिहीत होता ते त्याच राज्यात राहत होते. त्यांच्यापैकी एकाचाही आवाज त्या स्तंभात नाही. १९२० साली त्याने टाइम्सविरुद्ध जे आरोपपत्र लिहिले होते त्याचे प्रत्येक कलम या एका स्तंभाला लागू पडते : अधिकाऱ्याचे मत वस्तुस्थिती म्हणून दिलेले, सांगणाऱ्याचे नाव झाकलेले, दुसरी बाजू न विचारलेली, आणि मुळाशी भीती. १९८३ साली अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाने या हकालपट्टीमागे कोणतीही सैनिकी निकड नव्हती असा निष्कर्ष दिला. १९८८ साली सरकारने क्षमा मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली. पुढे सरन्यायाधीशपदी चढलेल्या वॉरनने आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल पश्चात्ताप नोंदविला आहे.

याच लिपमनने पाच वर्षांनी केलेले काम समोर ठेवले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जुलै १९४७ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या त्रैमासिकात एक्स या टोपणनावाने एक लेख आला; सोव्हिएत संघाला जागोजागी थोपवून धरण्याचे धोरण त्यात मांडले होते. लेखक केनन होता, तो वर उल्लेखिलेलाच. लिपमनने त्या लेखाचा एकेक दुवा तपासीत लेखमाला लिहिली, आणि हे धोरण अमेरिकेला जगभरच्या दुबळ्या व लहरी राजवटींच्या दावणीला बांधील असा इशारा दिला. ‘द कोल्ड वॉर’ या नावाने ती पुस्तकरूपाने आली. येथे त्याच्यासमोर छापील मजकूर होता, वाचकासमोरही तोच होता, आणि मधे कोणाच्या कानगोष्टी नव्हत्या. माझे मत असे की लिपमन टेबलावरच्या कागदाशी एकटा बसला की थोर होता. बोलणारा माणूस भोजनाला समोर आला, आणि तो माणूस अधिकारपदावर असला, की त्याची पारख मंदावत असे.

उत्तरायुष्यात हे भोजन वाढतच गेले. १९६१ च्या जानेवारीत केनेडीच्या पदग्रहणाच्या भाषणाचा मसुदा त्याला दाखविला गेला आणि शत्रू या शब्दाऐवजी प्रतिपक्षी हा शब्द त्याने सुचविला. सूचना शहाणपणाची होती. पण ज्याने भाषण दुरुस्त केले त्याने त्याचे परीक्षणही करावे काय, हा प्रश्न उरतोच. क्रुश्चेव्हच्या १९६१ सालच्या मुलाखतीबद्दल त्याला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६४ साली जॉन्सनने त्याच्या गळ्यात देशाचे सर्वोच्च नागरी पदक घातले. राष्ट्राध्यक्ष व्हिएतनाममध्ये वाटाघाटींचा मार्ग शोधत आहे, असे व्हाइट हाउसमध्ये त्याला सांगण्यात येत होते. १९६५ साली बाँबहल्ले सुरू झाले आणि फौजा उतरल्या, तेव्हा आपल्याला वापरले गेले हे त्याच्या ध्यानात आले. वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्याने जॉन्सनशी उघड वैर घेतले, आणि आजवर सांभाळलेली दारे एकामागून एक बंद होत असताना पूर्वीपेक्षा अधिक परखडपणे लिहिले. १९६७ साली नियमित स्तंभ थांबवून तो वॉशिंग्टन सोडून न्यू यॉर्कला परतला.

त्याचा सहलेखक मर्झ १९३८ साली टाइम्समध्येच अग्रलेखांचा प्रमुख झाला होता आणि १९६१ पर्यंत त्या जागेवर होता. ज्या पत्राची त्याने तरुणपणी झडती घेतली त्याच पत्राने त्याला ते पद दिले, हे टाइम्सच्या खात्यावर जमेस धरले पाहिजे.

लिपमनचे निधन १४ डिसेंबर १९७४ रोजी न्यू यॉर्क येथे झाले. आपली पत्रे, टिपणे आणि भेटींच्या नोंदी त्याने येल विद्यापीठाच्या स्वाधीन केल्या होत्या. त्यांच्या आधारे रोनाल्ड स्टील याने लिहिलेले विस्तृत चरित्र १९८० साली प्रसिद्ध झाले. कोणत्या दिवशी लिपमन कोणाला भेटला आणि त्यानंतर कोणता स्तंभ लिहिला गेला, हे आता अभ्यासकाला तारीखवार लावून पाहता येते. सकाळी तो स्तंभ वाचणाऱ्याला तसे पाहता येत नव्हते.